खांब सरळ आहे

९ जून

कुलदीप,

कामाच्या मेलमध्ये आपण एकमेकांना ‘डॉक्टर’ म्हणतो आणि त्याच्या प्रती जर्मनीत, जपानमध्ये, इथे आमच्या संस्थेत सगळ्यांना जातात. हे पत्र तुझ्या खासगी पत्त्यावर आहे, मराठीत आहे आणि फक्त तुला आहे. इतक्या वर्षांनी माझं नाव बघून दचकू नकोस. जुनं काही काढायचं नाहीये.

काल तुमच्या जर्मनीतल्या केंद्राचं पत्रक आलं. माझ्या स्थानकापुढे शेरा आहे: खांब अस्थिर, गणितातून वगळावे, जागा बदलावी. खाली सही तुझी.

आज सकाळी मी वर जाऊन आले. तू ते स्थानक पडद्यावर आकड्यांत बघतोस, म्हणून सांगते ते दिसतं कसं. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरला जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला हा डोंगर. माथ्याखाली थोडी सपाटी आहे. तिथे कातळात भोकं पाडून बसवलेला लोखंडी खांब, त्यावर पांढऱ्या टोपीखाली अँटेना, बाजूला सोलरचं पॅनल आणि शेळ्या आत येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण. तो अँटेना दिवसरात्र उपग्रहांचं ऐकतो आणि ऐकलेलं सगळं मोबाईलच्या टॉवरवरून तुमच्याकडे पाठवतो. किनाऱ्यावरची आपली सगळी स्थानकं हेच करतात. भारताचा अख्खा भूखंड वर्षाला दोन-तीन बोटं ईशान्येला सरकतो आणि त्याच्यावरची स्थानकं एका होडीतल्या उतारूंसारखी बरोबर सरकतात. गेल्या पावसाळ्यापासून माझं एकटं वेगळीकडे निघालंय. नैऋत्येला. म्हणजे समुद्राकडे, उतारावरून खाली.

मी ओळंबा लावला. खांब सरळ आहे. लोखंडाला गंज नाही, पायाला चीर नाही. कुंपणापासूनचं त्याचं अंतर बसवताना होतं तेवढंच आहे. म्हणजे खांब हललेला नाही. खांब, कुंपण, पॅनल सगळं मिळून एकत्र चाललंय. आपण ज्याला मूळ कातळ समजलो तो सुटा असणार, खाली चिकणमाती असणार, आणि तिच्यात पाणी मुरतंय.

उतारावर खाली एक वाडी आहे. तीसेक घरं.

मागणं एवढंच की हे स्थानक वगळू नका. भूखंडाच्या गणितातून काढा हवं तर, पण त्याची रोजची जागा मोजणं थांबवू नका. इथून कच्ची माहिती जाते आणि गणित तुमच्याकडे होतं. माझा डोंगर कुठे आहे हे मला तुझ्याकडून कळतं. तू थांबलास की मी आंधळी.

क्रांती


२० जून

कुलदीप,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, इंग्रजीत, शेवटी ‘रिगार्ड्स’. प्रकल्पाच्या गटापुढे मांड म्हणालास. मांडलं.

दुसऱ्याच दिवशी आमच्या संचालकांचा फोन.

“क्रांती, हा तीन देशांचा करार आहे. सगळ्यांच्या मंजुरीशिवाय कुठलाही निष्कर्ष बाहेर जाता कामा नये. समिती सप्टेंबरमध्ये बसेल, तेव्हा ठेवू.”

“सर, पाऊस सप्टेंबरपर्यंत थांबणार नाही.”

“आपला विषय भूखंडांची गती. दरडींचं खातं वेगळं आहे. एका स्थानकाच्या आकड्यांवर आपण ओरड केली आणि काही झालं नाही, तर उद्या या प्रकल्पाला कोण विचारेल?”

मी म्हटलं, आणि झालं तर? त्यावर ते म्हणाले, “तू बाहेर कुणाशी बोलली नाहीस ना?” मी नाही म्हटलं. ते खरं होतं, त्या दिवसापर्यंत.

माणूस वाईट नाही. हा प्रकल्प उभा करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. पण त्यांच्या खिडकीतून डोंगर दिसत नाही.

गटात एवढी माणसं आहेत. सगळ्यांनी अँटेनाविषयी विचारलं, खांबाची जात विचारली, पायाचं सिमेंट विचारलं. एकट्या ओनोबाईंनी जपानहून एक ओळ पाठवली: खाली कुणी राहतं का? मी ‘होय’ एवढंच लिहिलं.

वाडीच्या वर एक बुद्धविहार आहे. त्याच्या मागच्या बाजूला काल मला भेग सापडली. करवंदीच्या जाळ्यांत लपलेली होती. पंजा आत जातो. डोंगरमाथ्यावरचं पाणी त्या भेगेत शिरतं आणि खाली कुठेच बाहेर येत नाही. फोटो जोडलाय.

स्थानक तुम्ही वगळलंतच. आठवडा झाला, मला काही कळत नाही. पाऊस संततधार आहे. रोज वर जाते, खांबाला हात लावते आणि खाली येते. हात लावून काय कळणार?

क्रांती


३ जुलै

कुलदीप,

तू स्वतःच्या वेळात गणित करतो आहेस हे वाचलं. उपकार हा शब्द आपल्यात नको, पण मी दोन वेळा वाचलं. ‘रिगार्ड्स’ही नव्हतं या वेळी.

आकडे बघितले. डोंगर मेमध्ये महिनाभरात जेवढा सरकला तेवढा आता आठवड्यात सरकतोय. पाऊस उघडला तरी वेग उतरत नाही. तू लिहिलंस, ‘वाडीतल्या लोकांना हळूहळू कल्पना दे.’ हळूहळू!

तुला माहीत नाही ते सांगते. तू कधी आमच्या घरी आला नाहीस, म्हणून माहीत असायचं कारण नाही. ती वाडी आमची आहे. विहारापासून तिसरं घर आमचं. मी हे लिहिते आहे ती खोली, आणि पलीकडे आबा झोपलेत ती, दोन्ही त्या भेगेच्या खाली आहेत. गटात मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सगळे म्हणाले असते, बाईचं घर आहे, बाई घाबरली.

आबा म्हणजे माझे वडील, रावजी. गवंडी होते. परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्या वर्षी जर्मनीची जागा आपल्या दोघांनाही मिळाली होती. मी का आले नाही याची तू तेव्हा काय समजूत करून घेतलीस मला माहीत नाही. कारण एवढंच होतं. आईला एकटीला त्यांना कूस बदलून देता येत नाही. म्हणून मी ही नोकरी मागून घेतली, स्थानकासाठी हा डोंगर सुचवला, आणि तेव्हापासून इथेच आहे.

काल आबांना सांगितलं.

“आबा, डोंगर सरकतोय.”

“कदी? मला काय दिसला न्हाय.”

“दिसणार नाही. दिवसाला तांदळाच्या कणीएवढा.”

“मग येऊ दे की. कणीकणीनं आला तर आपन बाजूला व्हऊ.”

“एक दिवस सगळा एकदम येईल, आबा. खाली शाळेत राहायला जाऊ. पावसापुरतं.”

ते आढ्याकडे बघत म्हणाले, “तुज्या आज्याला गावानं हितं वर धाडला. खाली जागा न्हाय म्हनून. दगूड फोडून आमी हितं घरं केली. विहार मी माज्या हातानं बांधला. आता माजीच पोर म्हनते हितनं पन उठा. कुठं जाऊ गो? समुद्रात?”

आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, “ते न्हाय येत तर मी न्हाय. तू जा.”

म्हणजे मीही नाही. आता सांग, कल्पना कुणाला देऊ?

क्रांती


१० जुलै

कुलदीप,

बोलले. करार मोडला. आधी सरपंचांकडे गेले, मग तालुक्याला.

सरपंच रतनशेठ यांचं समुद्रावर लॉज आहे. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “मॅडम, पावसाळी पर्यटन आत्ता कुठं सुरू झालंय. शनिवार-रविवार एक खोली रिकामी नसते. दरड-बिरड बोललात तर मुंबईवाले इकडं फिरकायचे न्हाईत. तुमच्या वाडीतल्या बायकाच कामाला येतात ना लॉजवर?” येतात. नीराकाकूच येते. खोटं काहीच बोलले नाहीत ते.

तहसीलदारांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. फोटो बघितले. भेगेवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, “तुमच्या संस्थेचं पत्र आणा, मी आजच्या आज आदेश काढतो. पण नुसत्या तुमच्या सांगण्यावर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पोलीस लावून घराबाहेर काढू कसा? उद्या मलाच विचारतील.”

संस्था पत्र देत नाही. संचालकांनी आता फोन उचलणंही बंद केलंय.

वाडीत सांगितलं तर निम्मे हसले. भिकूतात्या, माझे चुलते, शेळ्या राखतात, स्थानकाचं कुंपणही तेच राखतात. ते हसले नाहीत. म्हणाले, “वरच्या टाक्याचं पानी औंदा आटलं. पावसात आटलं. मला वाटलंच काय तरी इपरीत हाय.” पण त्यांनाही जायचं नाही. शेळ्या शाळेत कोण घेणार?

मी अशी अडकले आहे. वर खांब, खाली आबा, मध्ये मी. रात्री पाऊस वाढला की आई माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे.

आता मागणं मोठं आहे. तू तुझ्या नावाने पत्र दे. जिल्हाधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना. आकडे, दिशा, वेग, आणि सरळ वाक्यात: हा उतार धोक्याचा आहे, माणसं हलवा. तुझी नोकरी वर्षावर्षाच्या मुदतीची आहे हे मला माहीत आहे. करार तुलाही बांधून ठेवतो हेही माहीत आहे.

जुनं काढायचं नाही म्हटलं होतं. काढते. माणगावच्या तुमच्या घरात माझ्याविषयी तू एकदा तोंड उघडायचं होतंस. बौद्धाची मुलगी आहे, हिच्याशी लग्न करणार आहे, एवढं एक वाक्य. ते तुझ्याकडून निघालं नाही आणि तू विमानात बसलास. त्यावर मी कधी काही म्हटलं नाही, आताही त्याचा हिशेब मागत नाही. पण या वेळी तुझ्या गप्प राहण्याने नुसतं माझं वाईट होणार नाही.

सही कर किंवा नाही म्हण. नुसता थांबू नकोस.

क्रांती


१८ जुलै

कुलदीप,

तुझं पत्र तहसीलदारांच्या टेबलावर मी स्वतः पाहिलं. नाव पूर्ण लिहिलंस. प्रत गटातल्या सगळ्यांना लावलीस, संचालकांना, तुझ्या साहेबांनाही. आणि त्याला जोडून ओनोबाईंचं गणित. त्यांनी वेगळ्या पद्धतीने, तुला न विचारता, केलेलं. तीच दिशा, तोच वेग. तहसीलदार मला म्हणाले, “दोन देशांतली माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर मी कशाला थांबू?”

परवा वाडी उतरली.

नीराकाकू सगळ्यांत पुढे होती. तिने लॉजवर सुट्टी टाकली आणि घरोघर फिरून बायकांना सांगितलं, “भांडी नंतर, आधी पोरं.” तलाठी, दोन पोलीस, खालच्या गावातली चार पोरं दोर घेऊन आली. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना.

आबा हलेनात. उचलून दारापर्यंत आणलं, तर तिथे चौकटीला पाठ लावून बसले, दोन्ही हातांनी उंबरा धरून. मी पाया पडले. आई रडली. शेवटी भिकूतात्या पुढे झाले आणि त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

“रावजी, काय पायजे तुला?”

“मूर्ती आधी न्या. मग मी.”

विहारातली बुद्धमूर्ती आबांनीच बसवली होती, सिमेंटात पक्की. पोरांनी पहारीने सोडवली. ती चादरीत गुंडाळून खाली गेली, आणि ती शाळेच्या आवारात पोचल्याची हाक ऐकू आल्यावरच आबांनी उंबरा सोडला. डोलीत घालून उतरवलं. एक खांदा भिकूतात्यांचा होता. उतारावर त्यांचा पाय सरकला, पण डोली वाकडी होऊ दिली नाही. आबा सबंध वाटेत डोळे मिटून होते. खाली आल्यावर म्हणाले, “माज्या घराला कडी लावली का?”

लावली होती.

शाळेच्या तीन वर्गांत सगळे आहोत. मूर्ती फळ्याखालच्या टेबलावर आहे. रात्री पहिल्यांदाच पावसाचा आवाज ऐकत नुसती पडून राहिले.

तुझं तिकडे काय झालं ते तू लिहिलं नाहीस. लिही.

क्रांती


४ ऑगस्ट

कुलदीप,

डोंगर पडलेला नाही.

लोक विचारतात, मी तेच सांगते: सरकतोय, अजून सरकतोय. तुझे आकडे रोज सकाळी वर्गात वाचून दाखवते. पहिल्या दिवशी सगळे कान देऊन ऐकत होते. आता पोरंसुद्धा चाळे करतात.

शाळेत राहणं म्हणजे काय ते तुला कसं सांगू? संडास दोन. कोरड्या लाकडांवरून भांडणं. लावणी अर्ध्यावर राहिली म्हणून पुरुष चिडलेले. खालच्या आळीतल्या काही बायका नळावर आम्ही आलो की हंडे उचलून बाजूला होतात. कुणी काही बोलत नाही, हंडे तेवढे उचलतात. आणि त्याच आळीतली धोंडूबाई, कुणबी म्हातारी, रोज दुपारी टोपलीभर तांदळाच्या भाकऱ्या आणते आणि आईशेजारी बसून तंबाखू मळते. दोन्ही खरं आहे.

शाळेच्या बाईंना वर्ग परत हवेत. पोरं देवळाच्या सभामंडपात बसतात, तिथे यात्रेकरूंची ये-जा. रतनशेठ काल येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, “क्रांतीमॅडम, डोंगर कधी पाडताय?” लोक हसले. वाडीतलेही.

संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली आहे. तुझी मुदत पुढच्या वर्षी वाढवणार नाहीत, हे मी तिसऱ्यांदा विचारल्यावर तू सांगितलंस. काय लिहू त्यावर?

एक गोष्ट कुणाला बोलता येत नाही, तुला लिहिते. मी रोज पहाटे उठून शाळेच्या पायरीवर येते आणि डोंगराकडे बघते. तो तसाच हिरवा, ढगात डोकं घातलेला. आमचं घर दिसतं, विहाराचा निळा रंग दिसतो. आणि माझ्या मनात येतं, पड एकदाचा. माझं घर, आबांच्या हातचा विहार, नीराकाकूचं परसू, सगळं चिखलात जावं अशी मी वाट बघते. का, तर मी खरी ठरावी. मग वर्गात येते आणि आबांची कूस बदलते. ते विचारतात, “हाय ना गो जागेवर?” मी म्हणते, “आहे, आबा.” त्यांना बरं वाटतं. मला काय वाटतं ते मलाच सोसवत नाही.

पडला नाही तर मी जन्मभराची खोटी. पडला तर आम्ही बेघर. यातून बाहेर यायची वाट मला दिसत नाही.

क्रांती


१७ ऑगस्ट

कुलदीप,

तुझा गेल्या आठवड्यातला आकडा. वेग निम्म्यावर आला. आधी वाटलं अँटेनाचं काही बिघडलंय, म्हणून भिकूतात्यांना घेऊन वर जाऊन आले. सगळं ठीक आहे. पाऊस आठवडाभर उघडलाय, ऊन पडतंय, आणि डोंगर खरोखर मंदावलाय. तू लिहिलंस, ‘कदाचित यंदा थांबेल. कदाचित नाही. मला सांगता येत नाही.’ ओनोबाईही तेच म्हणतात.

लोकांना सांगू की नको, यावर मी अख्खा दिवस घालवला. लपवता आलं असतं. आकडे फक्त माझ्या फोनवर येतात. आदल्या दिवसाचाच आकडा पुन्हा वाचून दाखवला असता तर कोण तपासणार होतं? आईला विचारलं. ती म्हणाली, “तुजी तू बघ. पन एकदा खोटं वाचलंस की उद्याचं खरं कोन ऐकल?”

सांगितलं. वेग कमी झालाय, थांबलेला नाही. भेग तशीच आहे. पावसाळा संपेपर्यंत वर जाऊ नका. हात जोडून सांगितलं.

त्यांनी पहिलं अर्धं ऐकलं. दोन दिवसांत पाच घरं वर गेली. तहसीलदारांना फोन केला, ते आले, समजावलं, चार घरं परत उतरली. भिकूतात्या उतरले नाहीत. मी त्यांच्या अंगणात जाऊन भांडले.

“तात्या, मी खोटं बोलले असते तर तुम्ही राहिला असता ना खाली?”

“रायलो असतो.”

“मग आता का नाही ऐकत?”

ते शेळीच्या खुरातला काटा काढत होते. “तू खरं बोलतेस म्हनून मी उतरलो. आता खरंच बोललीस म्हनून वर आलो. शेरडं खाली बांधून मरायला लागलीत पोरी. दिसभर चारतो, झोपायला येतो खाली. मग तर झालं?”

झोपायला येतात. रोज दिवे लागायच्या सुमारास शाळेच्या फाटकात दिसेपर्यंत माझा जीव वर असतो.

क्रांती


२७ ऑगस्ट

कुलदीप,

परवा दुपारी डोंगर आला.

आदल्या दिवसापासून पुन्हा झड लागली होती. सकाळचा तुझा आकडा आदल्या दिवसाचा होता, त्यात विशेष काही नव्हतं. जेवणं झाली होती. मी आबांना पाणी देत होते. आधी आवाज नाही, वास आला, ओल्या मातीचा आणि मुळांचा. मग भांडी वाजली. मी पायरीवर आले तेव्हा निळा रंग खाली येत होता. विहार उभाच्या उभा थोडं अंतर आला आणि मग दिसेनासा झाला. त्याच्यामागून सबंध सपाटी. माझा खांबही असेल, मला दिसला नाही. गडगडाट थांबल्यावर वाडी नव्हती. तांबडा चिखल रस्त्यापर्यंत.

बाकी सगळे खाली होते. सगळे. म्हातारी, पोरं, नीराकाकू, गरोदर असलेली मानसी.

भिकूतात्या वर होते. काल संध्याकाळी सापडले. दोन शेळ्या त्यांच्या अंगाखाली होत्या.

आबांना सांगितलं. ते रडले नाहीत. “माजा खांदा गेला,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून मागितलं. मी कूस बदलून दिली.

लोक माझ्या पाया पडायला येतात. मला ते बघवत नाही. रतनशेठ आले, लॉजच्या सगळ्या खोल्या उघडल्यात म्हणाले.

क्रांती


१९ ऑक्टोबर

कुलदीप,

इतके दिवस लिहिलं नाही. तुझी पत्रं येत होती. वाचत होते.

तू लिहितोस की त्या दिवसाची माहिती नंतर तपासली, आणि सकाळपासूनच डोंगर सुटल्यासारखा धावत होता. दिवसाचं गणित दिवस संपल्यावर करायची पद्धत नसती तर दुपारच्या आत कळलं असतं. मलाही हेच वाटत होतं, मी तुला सांगणार नव्हते. पण एवढं ऐक. ती पद्धत भूखंडासाठी होती. भूखंडाला घाई नसते. आपण दोघांनी तिच्याकडून तिचं काम नसलेलं काम करून घेतलं, आणि तीसेक घरांतली माणसं वाचली. एक माणूस गेला. ही दोन वाक्यं मी रोज मनात शेजारी शेजारी ठेवते, आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही.

आम्ही आता रस्त्याच्या खालच्या बाजूला, सरकारी जागेत, कंटेनरमध्ये राहतो. न्हावा शेव्याच्या बंदरातून आणलेले आहेत. आत प्लायवूड लावलंय, पंखा आहे. दुपारी भट्टी होते. आबा पहिल्या दिवशी म्हणाले, “ह्याला भिंत म्हनायची?” बोटांनी वाजवून बघितली. पक्की घरं मिळणार आहेत, जागेची मोजणी झाली आहे. तोवर आबा, आई आणि मी या एका पत्र्याच्या खोलीत. शाळेतून सुटले, आता इथे अडकले. मूर्तीसाठी लोकांनी एक कंटेनर सोडला. सगळ्यांनी मिळून ठरवलं, मला विचारलंही नाही.

नोटीस मागे घेतली. संचालक स्वतः आले होते. चिखलाच्या कडेला उभे राहून म्हणाले, “मला वर कुणी राहतं हे माहीत होतं. कोण राहतं ते विचारायला हवं होतं.” समितीच्या बैठकीत ओनोबाईंनी मांडलं की उतारावरच्या प्रत्येक स्थानकाचं गणित तासातासाला व्हावं आणि आकडे थेट तालुक्याला जावेत. मंजूर झालं. ते गणित लिहायला तू हवास असंही त्या म्हणाल्या, ते तुला कळलंच असेल.

आणि तू विचारतोस मी तिकडे येते का. जागा आहे, माझ्या नावाचा विचार होईल.

नाही येत. आबांचं कारण देत नाहीये. आता रोज कुठून ना कुठून माणूस येतो, म्हसळ्याहून, पोलादपूरच्या आतल्या वाड्यांतून. “बाई, आमच्या घरामागं पण भेग पडलीय, येऊन बघा.” मी जाते. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला हसतात आणि प्रत्येक ठिकाणी एक म्हातारा उंबरा धरून बसतो. मला निघून जाता येणार नाही. आवडतं म्हणून नव्हे. मला आता दुसरं काही बघताच येत नाही, डोंगर दिसला की आधी त्याच्या पायथ्याची घरं दिसतात.

शेवटचं. डिसेंबरमध्ये येतो म्हणतोस. नवीन स्थानकाची जागा बघायला, भिकूतात्यांच्या घरच्यांना भेटायला, आणि ‘जमल्यास तुझ्याकडे’.

जमल्यास असं नको. मुंबईहून माणगाव आधी लागतं. तिथे उतर, घरी जा, आईवडिलांसमोर बस आणि कुठे निघालायस, कुणाकडे, ते नाव घेऊन सांग. मग पुढची एसटी पकड. न सांगता येणार असशील तर येऊ नकोस. इथे कंटेनर दाटीने आहेत, दारं समोरासमोर; कोण आलं, कुणाकडे आलं, सगळ्यांना दिसतं.

आईने विचारलं, “कोन येनार हाय?” मी म्हटलं, अजून नक्की नाही.

क्रांती